दारूचा थेंब नाही, अंगावर मांस नाही, तरी फॅटी लिव्हर? राहुरीत आणि न्यू जर्सीत एकच रिपोर्ट का येतोय

राहुरीतल्या एखाद्या घरातला रविवार डोळ्यासमोर आणा. सकाळचे नऊ वाजलेत. अमेरिकेत न्यू जर्सीला असलेल्या मुलाचा व्हिडीओ कॉल आलाय. तिकडे अजून शनिवारची रात्र आहे.

"अण्णा, वार्षिक तपासणी झाली. लिव्हरवर चरबी आहे म्हणे."

अण्णा जरा गप्प बसतात. मग म्हणतात, "तिकडचं ते पिझ्झा-बर्गर बंद कर आधी. आणि खरं सांग, घेतोस का?"

"नाही हो अण्णा, थेंबसुद्धा नाही."

मागून आईचा आवाज येतो, "अहो, मागच्या दिवाळीत तुमच्या सोनोग्राफीत पण हेच लिहिलं होतं की. ग्रेड वन. सगळ्यांनाच असतं म्हणून तुम्ही ती फाईल कपाटात ठेवून दिली."

प्रसंग कल्पनेतला आहे, पण तुमच्या घरात, नाहीतर शेजारच्या घरात, असं काहीतरी घडलेलं असणार. यात एक कोडं आहे. अण्णा माळकरी, दारूला कधी शिवले नाहीत. अंगकाठी बारीक, वजन ६२ किलो. त्यांनी आयुष्यात पिझ्झा खाल्ला असेल तो नातवाच्या वाढदिवसाला. मुलगा बारा हजार किलोमीटर लांब, त्याचं खाणं वेगळं, काम वेगळं, हवापाणी वेगळं. मग दोघांच्या रिपोर्टवर एकच ओळ कशी आली?

या कोड्याचं उत्तर शोधण्यात आपल्या पुण्याच्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. तर विषय सुरुवातीपासून समजून घेऊ.

फॅटी लिव्हर म्हणजे नेमकं काय?

लिव्हर म्हणजे यकृत. पोटाच्या उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली असतं. जेवणातून आलेली साखर, चरबी, औषधं, दारू, सगळ्याचा हिशोब इथे लागतो. थोडी चरबी लिव्हरमध्ये प्रत्येकाच्याच असते. पण लिव्हरच्या पाच टक्क्यांहून जास्त पेशींमध्ये चरबी साचली, की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात.

पूर्वी डॉक्टर याचे सरळ दोन भाग करायचे. एक दारूमुळे झालेलं आणि दुसरं दारूशिवाय झालेलं. दुसऱ्याचं नाव होतं एनएएफएलडी, म्हणजे दारूशी संबंध नसलेला फॅटी लिव्हरचा आजार. २०२३ मध्ये जगभरातल्या लिव्हरतज्ज्ञांच्या संघटनांनी हे नाव बदललं. आता त्याला एमएएसएलडी म्हणतात. नाव अवघड आहे, पण मुद्दा सोपा आहे. जुनं नाव सांगत होतं की हा आजार कशामुळे होत नाही. नवं नाव सांगतं की तो शरीराच्या चयापचयाशी, म्हणजे खाल्लेल्या अन्नाचं शरीर काय करतं त्याच्याशी, जोडलेला आहे. रक्तातली साखर, वाढलेली कंबर, ट्रायग्लिसराईड्स, रक्तदाब ही सगळी याची भावंडं.

साचलेली चरबी काहींच्या लिव्हरला वर्षानुवर्षं काही करत नाही. काहींच्या लिव्हरला मात्र सूज येते. सूज राहिली की आत व्रण तयार होतात आणि लिव्हर हळूहळू कडक होत जातं. याला फायब्रोसिस म्हणतात. पुढची पायरी सिरोसिस आणि काही जणांमध्ये कॅन्सर. बहुतेक लोक सिरोसिसपर्यंत जात नाहीत, हे खरं. पण फॅटी लिव्हर असलेल्यांमध्ये डायबिटीस आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो. या रुग्णांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण लिव्हर नाही, हृदय आहे.

आणि हे सगळं होताना दुखत काहीच नाही. म्हणूनच फाईल कपाटात जाते.

पुण्याचे डॉक्टर, लंडनचे डॉक्टर आणि एक फोटो

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा मजकूर छापून आला. त्यात दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो होता. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा होता, २२.३. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा. दोघंही या हिशोबाने सडपातळ.

मग दोघांच्या शरीरातली चरबी मोजली. युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त!

दोघांच्या आडनावांचं इंग्रजी आद्याक्षर 'वाय', म्हणून हे उदाहरण 'वाय-वाय पॅराडॉक्स' या नावाने जगभर गाजलं. आज वैद्यकीय विद्यार्थ्यांना भारतीय माणसाचं शरीर समजावताना हा फोटो दाखवला जातो. सांगायचं इतकंच होतं की वजनकाटा भारतीय माणसाबद्दल अर्धीच गोष्ट सांगतो. बाहेरून बारीक आणि आतून चरबी, याला 'थिन-फॅट' शरीर हा शब्द रूढ झाला.

ही गोष्ट एका फोटोवर उभी नाही. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी असं त्याचं नाव. या बायका शेतात राबणाऱ्या, विहिरीवरून पाणी आणणाऱ्या. गरोदर राहण्याआधी त्यांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. त्यांच्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साऊदम्प्टनच्या बाळांशी केली गेली. तिकडच्या बाळांचं सरासरी वजन साडेतीन किलो, आपल्याकडच्यांचं २.७ किलो.

बाळ हलकं, म्हणजे सगळंच कमी असणार, असं कुणालाही वाटेल. स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते. पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. पुढे २००९ मध्ये पुण्यात जन्मलेल्या आणि लंडनमध्ये जन्मलेल्या बाळांचे एमआरआय तपासले गेले. पुण्याच्या बाळांच्या पोटात चरबी जास्त दिसली. ही बाळं जन्मून काही दिवसच झाले होते. तोवर त्यांनी वडापाव खाल्ला नव्हता, की टीव्हीसमोर बसून चिप्स.

परदेशात गेलेल्या आपल्या लोकांमध्ये काय दिसलं?

दक्षिण आशियातून बाहेर गेलेले लोक हा शास्त्रज्ञांसाठी एक मोठा आरसा ठरला. माणूस तोच, देश बदलला, मग काय होतं?

२००६ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी एक अभ्यास छापला. त्यांनी वेगवेगळ्या वंशांचे तरुण, निरोगी, सडपातळ, सिगारेट न ओढणारे लोक घेतले. त्यात भारतीय वंशाच्या पुरुषांच्या लिव्हरमध्ये गोऱ्या पुरुषांच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट चरबी आढळली. लक्षात घ्या, सगळे सडपातळ होते. त्यांना बघून कुठल्याही डॉक्टरला शंका आली नसती.

मग २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर आणि शिकागो इथे दक्षिण आशियाई लोकांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, नेपाळी, श्रीलंकन असे ९०६ लोक, बहुतेक सगळे अमेरिकेबाहेर जन्मलेले. अभ्यासाचं नाव इंग्रजी अक्षरं जुळवून 'मसाला' असं ठेवलं. त्यांच्या लिव्हरची सीटी स्कॅनने तपासणी झाली आणि अमेरिकेतल्या गोऱ्या, कृष्णवर्णीय, लॅटिनो, चिनी लोकांशी तुलना केली. दक्षिण आशियाई लोकांच्या लिव्हरमध्ये चरबी जास्त आणि अंगात स्नायू कमी, असं चित्र निघालं.

यातून नियमही बदलले. २०१५ मध्ये अमेरिकेच्या डायबिटीस असोसिएशनने ठरवलं की आशियाई वंशाच्या लोकांची डायबिटीसची तपासणी बीएमआय २३ झाल्यावरच सुरू करायची. इतरांसाठी हा आकडा २५ आहे. ब्रिटनमध्येही दक्षिण आशियाई लोकांसाठी धोक्याची रेषा २३ वर ठेवली आहे. भारतातल्या तज्ज्ञांनी २००९ मध्येच २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा, असं ठरवलं होतं.

न्यू जर्सीच्या आपल्या मुलाचा बीएमआय २४ असेल, तर ऑफिसातल्या गोऱ्या सहकाऱ्यांच्या हिशोबाने तो 'नॉर्मल'. त्याच्या स्वतःच्या शरीराच्या हिशोबाने तो रेषा ओलांडून गेलेला आहे.

मग हा परदेशाचा आजार आहे का?

अण्णांना तसंच वाटतं. बऱ्याच जणांना वाटतं. तिकडे गाडीशिवाय पान हलत नाही, दुधापासून ब्रेडपर्यंत सगळं मोठ्या पाकिटात, चालणं बंद, थंडीत चार महिने घरात. याने भर पडते, यात वाद नाही. पण मूळ तिथे नाही.

याचा एक पुरावा दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाम देशातून आला. १८७३ मध्ये 'लल्ला रूख' नावाचं जहाज भारतीय मजुरांना घेऊन तिथे पोचलं. पुढे उसाच्या मळ्यांवर काम करायला हजारो लोक गेले, मुख्यतः आजच्या बिहार आणि उत्तर प्रदेशातून. त्यांच्या चौथ्या-पाचव्या पिढीतल्या नवजात बाळांची मापं २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. या अभ्यासात याज्ञिक यांचाही सहभाग होता. शंभराहून जास्त वर्षं, वेगळा खंड, वेगळं अन्न. तरीही बाळांची ठेवण तीच, अंगाने बारीक पण चरबी राखलेली.

दुसरा पुरावा आपल्याच देशातला. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागात १,९११ प्रौढांची तपासणी करून २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गरीब, कष्टकरी वस्ती. तिथे ८.७ टक्के लोकांना दारूशिवायचं फॅटी लिव्हर होतं. त्यातल्या ७५ टक्के लोकांचा बीएमआय २५ च्या खाली होता. निम्म्याहून जास्त जणांचं वजनही जास्त नव्हतं आणि पोटही सुटलेलं नव्हतं.

आणि गाव सोडून शहरात आलेल्यांचं काय? २०२५ मध्ये हैदराबादच्या ३४५ आयटी कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ८४ टक्के लोकांना फॅटी लिव्हर निघालं. हा आकडा सगळ्या भारताला लावता येणार नाही, कारण पाहणी छोटी आणि एकाच प्रकारच्या नोकरीतल्या लोकांची होती. देशभरातल्या ५० अभ्यासांचा एकत्र हिशोब २०२२ मध्ये एम्सच्या डॉक्टरांनी मांडला, तेव्हा प्रौढांमध्ये हे प्रमाण ३८.६ टक्के निघालं. यातही शहर आणि गाव, दवाखान्यात आलेले आणि घरोघरी तपासलेले यांच्यात बराच फरक आहे.

हे सगळं एका रांगेत ठेवलं की चित्र स्पष्ट होतं. शरीराची ठेवण आपण इथूनच घेऊन जातो. राहणीमान बदललं की त्या ठेवणीचा त्रास बाहेर येतो. बदल न्यू जर्सीत झाला, हैदराबादेत झाला, हिंजवडीत झाला, आणि आता राहुरीतही होतोय.

कणगी लहान असली की धान्य ओसरीवर येतं

बारीक माणसाच्या लिव्हरमध्ये चरबी कशी जाते, हे समजायला जुन्या घरातली कणगी आठवा.

आपण खाल्लेलं जे जास्तीचं असतं, ते शरीर चरबी करून त्वचेखाली साठवतं. ही शरीराची कणगी. मांड्या, कंबर, दंड इथे साठलेली चरबी तुलनेने सुरक्षित असते. ज्यांची कणगी मोठी, त्यांच्यात पुष्कळ चरबी मावते. तज्ज्ञांचं सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण असं की दक्षिण आशियाई लोकांमध्ये ही कणगी लवकर भरते. मग धान्य ओसरीवर यावं तशी चरबी पोटाच्या आत, लिव्हरमध्ये, स्नायूंमध्ये जाऊन बसते. तिथे तिची जागा नाही.

यात भर घालतात आपले कमी स्नायू. जेवणानंतर रक्तातली साखर उचलून घेणारा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. गिऱ्हाईक कमी असला की उरलेली साखर लिव्हरकडे जाते आणि लिव्हर तिची चरबी बनवतं. आपल्या इन्सुलिनचा जोर कमी पडू लागतो, त्यामुळे साठलेली चरबीही सुटून रक्तातून लिव्हरमध्ये येते. अशी दोन्ही बाजूंनी भरती होते.

यात तेलातुपाइतकाच, किंबहुना जास्त, वाटा जास्तीच्या साखरेचा आणि पिठूळ पदार्थांचा आहे. "मी तळलेलं खात नाही" म्हणून सुटका होत नाही, ती यामुळे.

राहुरीच्या ताटात आणि पायात काय बदललं?

राहुरी हा साखरपट्ट्यातला तालुका. मुळा धरणाचं पाणी, ऊस, कारखाने. शेजारच्या लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना सुरू झाला. या साखरेने जिल्ह्यात रस्ते, शाळा, कॉलेजं आणली. मुलं शिकली, पुण्याला गेली, तिथून परदेशात गेली. साखरेला नावं ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. पण पिकवायची साखर आणि खायची साखर, यांचा हिशोब वेगळा ठेवावा लागेल.

साखरेत निम्मा भाग ग्लुकोज आणि निम्मा फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं. फ्रुक्टोजचा निपटारा मात्र मुख्यतः लिव्हरला करावा लागतो, आणि जास्त झालं की त्याची चरबी होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत हवी, २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. आता चहाचा हिशोब करा. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे. चमचा चार-पाच ग्रॅमचा धरला तर ३२ ते ४० ग्रॅम इथेच झाले. दुपारी रसवंतीवर एक ग्लास रस झाला, की मर्यादा गेलीच.

"आम्ही साखर सोडली, गुळाचा चहा घेतो," हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. गुळात थोडं लोह आणि इतर क्षार असतात, पण बाकी बहुतांश साखरच असते. लिव्हरला गूळ आणि साखर यात फारसा फरक कळत नाही.

दुसरा बदल भाकरीचा. नगर जिल्हा ज्वारी-बाजरीचा. रेशनवर गहू-तांदूळ आले, पाणी आलं तिथे ऊस आला आणि ताटात भाकरीच्या जागी चपाती-भात वाढला. यातली गंमत अशी की राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ दोन्हीकडे आहे. 'फुले २६५' हा उसाचा वाण याच विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्राचा, आणि 'फुले वसुधा', 'फुले रेवती' हे रब्बी ज्वारीचे वाणही याच विद्यापीठाचे. उसासाठी नावाजलेल्या तालुक्यातच ज्वारीचं चांगलं बियाणं तयार होतं.

भाकरी म्हणजे औषध नाही. पाच भाकरी आणि वाटीभर पातळ कालवण हेही पिठूळच झालं. ताटात डाळ, उसळ, अंडं, ताक, पालेभाजी किती, यावर जास्त अवलंबून आहे. उपवासाची साबुदाण्याची खिचडी हा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च. एकादशीला पोट हलकं वाटतं, लिव्हरला नाही.

तिसरा बदल पायांचा. विहिरीवरची मोटार चालू करायला पूर्वी रात्री-अपरात्री शेतात जावं लागायचं. आता मोबाईलवरून ती चालू होते. नांगरट ट्रॅक्टरने, गावात जायला मोटरसायकल. कष्ट कमी झाले हे चांगलंच झालं, ते परत यावेत असं कुणी म्हणणार नाही. पण जेवण मात्र अजून जुन्या कष्टाच्या मापाचं आहे. न्यू जर्सीतला मुलगा लॅपटॉपसमोर बसतो आणि अण्णा पारावर बसतात. लिव्हरच्या दृष्टीने दोघंही बसलेलेच.

रिपोर्टवर 'ग्रेड वन' लिहिलंय, आता काय करायचं?

पहिली गोष्ट, घाबरायचं नाही. दुसरी, फाईल कपाटात ठेवायची नाही.

सोनोग्राफीतला ग्रेड फक्त चरबी किती दिसते ते सांगतो. लिव्हर कडक झालंय का, हे तो सांगत नाही. ग्रेड वन असूनही काहींमध्ये व्रण असू शकतात आणि ग्रेड टू असून काहींचं लिव्हर मऊ असू शकतं. एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणजे सगळं ठीक, हेही पक्कं नाही.

मग कडकपणा कळणार कसा? त्यासाठी 'फिब-४' नावाचा एक हिशोब आहे. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स, एवढे चार आकडे लागतात. साध्या रक्ततपासणीत ते मिळतात. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट्स आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांचा गुणाकार. प्लेटलेट्स हजारांत धरायच्या, म्हणजे दोन लाख असतील तर २००.

उदाहरण घेऊ. वय ५०, एसजीओटी ४२, एसजीपीटी ४९, प्लेटलेट्स दोन लाख. ५० गुणिले ४२ म्हणजे २,१००. ४९ चं वर्गमूळ ७, म्हणून २०० गुणिले ७ म्हणजे १,४००. उत्तर १.५.

हा आकडा १.३ च्या खाली असेल तर सध्या मोठा धोका दिसत नाही. २.६७ च्या वर असेल तर लिव्हरतज्ज्ञांकडे जायलाच हवं. मधे असेल तर डॉक्टर फायब्रोस्कॅन करायला सांगू शकतात. ती सोनोग्राफीसारखीच, न दुखणारी तपासणी असते. ६५ च्या पुढच्या लोकांसाठी खालची रेषा १.३ ऐवजी २ धरतात, आणि अगदी तरुणांमध्ये हा हिशोब फारसा भरवशाचा नसतो. त्यामुळे आकडा घरी काढा, पण निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या.

सोबत उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराईड्स आणि रक्तदाब तपासा. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना डायबिटीस आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. फॅटी लिव्हर आणि डायबिटीस बरेचदा हातात हात घालून येतात.

आणि वजनकाट्याआधी टेप घ्या. कंबर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेली, की आपल्या लोकांसाठी ती धोक्याची खूण. टेप बेंबीच्या आसपास, पोट आत न ओढता धरायचा. पँटचा नंबर बघून अंदाज करू नका, पँट पोटाखाली सरकलेली असते.

यावर औषध आहे का?

थोडंफार आहे. भारतात २०२० मध्ये सारोग्लिटाझार या औषधाला या आजाराच्या पुढच्या टप्प्यासाठी मान्यता मिळाली. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेसमेटिरोम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाईड या औषधांना, लिव्हरला सूज आणि व्रण असलेल्या रुग्णांसाठी, मान्यता मिळाली. पण ही औषधं कुणाला द्यायची, हे डॉक्टर ठरवतात. ग्रेड वन लिहिलेल्या प्रत्येकासाठी ती नाहीत.

सगळ्यात भरवशाचा उपाय अजूनही वजन थोडं उतरवणं हाच आहे. वजन पाच टक्क्यांनी उतरलं तर लिव्हरमधली चरबी कमी होते. सात ते दहा टक्के उतरलं तर सूजही उतरू शकते. ७० किलोच्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे साडेतीन किलो. बारीक माणसांना तर तीन ते पाच टक्क्यांचाही फायदा होतो.

पण बारीक माणसाने नुसतं जेवण कमी केलं तर आधीच कमी असलेले स्नायू आणखी झिजतात. म्हणून चालण्यासोबत ताकदीचा व्यायाम हवा. जोर, बैठका, जिने, वजन उचलणं, यातलं जे जमेल ते. ताटात प्रथिनं हवीत. बिनसाखरेची कॉफी लिव्हरला उपयोगी ठरते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. दारू मात्र कितीही थोडी असली तरी साचलेल्या चरबीवर भरच घालते.

आणि व्हॉट्सॲपवरचे काढे? जपून. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली आणि गुळवेल सुरक्षित असल्याचं सांगितलं. हा वाद तज्ज्ञांना लढू द्या. तुमच्या लिव्हरला आधीच त्रास असेल, तर कुठलीही पावडर, काढा किंवा 'लिव्हर टॉनिक' डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

सरकार काय करतंय?

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यासाठीची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं आणि डॉक्टर-आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षणाचं पुस्तक आलं. त्यामागचा विचार असा की आजार मोठ्या हॉस्पिटलात पोचण्याआधी गावपातळीवर ओळखायचा.

गावात हे काम आशाताईंपासून सुरू होतं. तीस वर्षांपुढच्या लोकांसाठी त्या एक फॉर्म भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घरातला आजार आणि कंबरेचं माप विचारलं जातं. गुण चारच्या वर गेले तर तपासणीसाठी आधी पाठवायचं. म्हणजे लिव्हरची पहिली तपासणी एका साध्या टेपने, तुमच्याच ओसरीवर होऊ शकते. अडचण अशी की आशाताई आल्या की घरातले पुरुष शेतात किंवा चावडीवर असतात. घरी असले तर "मला काय झालंय?" म्हणून टेपच लावू देत नाहीत.

लाज कशाची?

शेवटचा मुद्दा रक्ताच्या रिपोर्टवर येत नाही. आपल्याकडे लिव्हरचा आजार म्हटलं की पहिला प्रश्न दारूचा. अण्णांनीही मुलाला तोच विचारला. त्यामुळे माळकरी माणूस रिपोर्ट लपवतो, बाई तर सांगतच नाही, आणि परदेशातला मुलगा "आईबाबांना उगाच काळजी" म्हणून गप्प बसतो. दोन घरांत दोन फाईली बंद राहतात.

खरं तर दोन्ही फाईली शेजारी ठेवून वाचायला हव्यात. मुलाच्या लिव्हरवर चरबी निघाली, तर ती अण्णांनाही तपासायला लावणारी बातमी आहे. अण्णांचा डायबिटीस ही मुलाने ऐकायला हवी अशी बातमी आहे. ठेवण एकाच घरातून आलेली आहे.

त्यामुळे पुढच्या रविवारी कॉल आला की हवापाण्याचं झाल्यावर एक प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारा. "कंबर किती आहे?" आकडा ९० किंवा ८० च्या वर असेल, तर त्याच आठवड्यात इकडेही आणि तिकडेही रक्त तपासून घ्या. आणि कपाटातली ती जुनी फाईल काढून त्यातल्या चार आकड्यांचा हिशोब तेवढा आजच करा.